शुद्ध कशासाठी, आणि मोल कशाचे?

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



रसायनांच्या दुकानात ॲस्कॉर्बिक आम्लाची, म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्वाची, बाटली मिळते. तिच्यावर ९९ टक्के शुद्धतेची ग्वाही असते आणि ‘केवळ प्रयोगशाळेतील वापरासाठी’ अशी सूचनाही. त्याच जीवनसत्त्वाच्या पूरक गोळ्यांवर अशी टक्केवारी क्वचितच आढळते. मग ती बाटलीच अधिक चांगली नव्हे काय? की जे महाग तेच शुद्ध?

हे दोन्ही तर्क फसवे आहेत. शुद्धता ही निव्वळ संख्या नसून ती हेतूशी बांधलेली असते. विश्लेषणासाठीच्या ‘एआर’ प्रतीत पाहिले जाते ते प्रयोगाचे उत्तर चुकविणारी अशुद्धी किती, हे. उरलेला एक टक्का पोटात गेल्यास काय होईल, हा विचार तेथे अभिप्रेतच नसतो. औषधी प्रतीच्या द्रव्याला मात्र भारतीय औषधकोशाच्या, म्हणजे ‘आयपी’च्या, कसोट्या उतराव्या लागतात. त्या मानवी देहाचा विचार करून ठरविलेल्या असतात.

किमतीचेही तसेच. बाटलीच्या दरात लहान वेष्टन आणि प्रत्येक बॅचची तपासणी असते; पूरकाच्या डब्याच्या दरात बहुधा वितरण आणि जाहिरात. दरावरून शुद्धता ठरत नाही.

हा भेद पुस्तकी नाही. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. ते ग्लिसरीन औषधी प्रतीचे नव्हते. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून औषध-प्रशासनापर्यंतची कीड उघड केली. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून त्याच विषाने बालकांचे बळी घेतले. औषधाची ही कथा, तर पूरकांचे काय? कायद्याच्या दृष्टीने पूरक हे औषध नव्हे, अन्न आहे. डब्यावरील १४ अंकी परवाना क्रमांक निर्मात्याची नोंद सांगतो; आतील प्रत्येक गोळी तपासल्याची हमी देत नाही.

येथे स्वदेशीचा विचार करणाऱ्यांवर विशेष दायित्व येते. १९०१ मध्ये ‘बेंगॉल केमिकल’ला कंपनीचे रूप देणाऱ्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी देशी औषध विलायतीच्या तोडीचे असावे, असा आग्रह धरला, केवळ देशी म्हणून ते गोड मानून घ्यावे, असे म्हटले नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. ती टीका अनेकांना झोंबली. परंतु द्रव्य वापरण्यापूर्वी त्याचे शोधन करावे, असे सांगणारे रसशास्त्र आपलेच आहे. २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी आवश्यक झाली. परक्या ग्राहकासाठी होणारी ती तपासणी स्वकीयालाही मिळते ना, हे विचारणे म्हणजे आयुर्वेदाचा अवमान नव्हे. ती त्याची सेवाच आहे.

म्हणून डबा हाती घेताना निर्मात्याचा पत्ता, बॅच क्रमांक आणि परवाना पाहा. निर्मात्याला पत्र लिहून त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा. रसायनाच्या बाटलीतून परस्पर पूरक घेण्याचा मोह कटाक्षाने टाळा. विश्वास हे समाजाचे धन आहे. मात्र तेही पारखूनच घ्यावे लागते. जागृत ग्राहक हाच शुद्धतेचा खरा प्रहरी होय.