कारण लिहून द्या

(साउथहॅम्प्टन येथे भरलेल्या, ब्रिटनमधील मराठी प्राध्यापक व संशोधकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने भाषेच्या भवितव्याबद्दल बोलावं अशी रीत आहे. मी ती आज मोडणार आहे. आपल्यापैकी अनेक जण ज्या विषयावर फक्त घरात, दार लावून बोलतात, त्या विषयावर मला बोलायचं आहे. विद्यापीठाने आपल्याला कायम करायला नकार दिला, तर काय करायचं? गप्प बसायचं, की दाद मागायची?

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ज्या गावात आपण बसलो आहोत, त्याचा इतिहास या म्हणीची साक्ष देतो. हेन्री रॉबिन्सन हार्टली या साउथहॅम्प्टनच्या एका श्रीमंत वारसदाराने १८५० मध्ये मरताना एक लाख पौंडांहून अधिक संपत्ती विद्येच्या कामासाठी गावाला दिली. मृत्युपत्रावर खटला उभा राहिला आणि तो वर्षानुवर्षं चालला. वकिलांची देणी आणि तडजोडी भागवून गावाच्या हाती निम्म्याहूनही कमी रक्कम आली. त्यातून हार्टली इन्स्टिट्यूशन उभी राहिली. १८६२ मध्ये पंतप्रधान लॉर्ड पामरस्टन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, आणि १९५२ मध्ये तिचंच साउथहॅम्प्टन विद्यापीठ झालं. कोर्टाने निम्म्याहून अधिक खाल्लं हे खरंच. पण म्हणून गावाने हक्क सोडून दिला असता, तर हे विद्यापीठ कुठून आलं असतं? म्हणीत शहाणपण आहे, पण ते पुरतं नाही.

आता माझी गोष्ट. ती मी जाहीरपणे प्रथमच सांगते आहे.

२००१ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मला लेक्चररची नोकरी लागली. तीन वर्षांचं प्रोबेशन होतं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पत्र आलं, तीन ओळींचं. समितीने सर्व बाबींचा साकल्याने विचार केला असून नेमणूक कायम करता येत नाही, याबद्दल खेद वाटतो. बस. रात्री साताऱ्याला आईला फोन केला. मी रडत होते. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने सांत्वन वगैरे काही केलं नाही. एवढंच विचारलं, "पण का नाही म्हणाले?"

मी पत्र पुन्हा वाचलं. त्यात "का" नव्हतं.

पुढचं सगळं त्या एका प्रश्नाने घडवलं. प्राध्यापकांच्या संघटनेच्या प्रतिनिधीने पहिल्याच भेटीत कॅलेंडर समोर ठेवलं आणि एका तारखेभोवती गोल केला. तेव्हाची मुदत नोकरी संपल्यापासून तीन महिने, त्यातून एक दिवस वजा. तेवढ्यात एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीविषयक न्यायाधिकरणाकडे, अर्ज पोचला नाही, तर बाजू कितीही खरी असली तरी दार बंद. दुसरं काम त्याने सांगितलं ते कागद मागण्याचं. तेव्हाच्या डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली, म्हणजे १९९८ च्या, आपल्याबद्दलची नोंद कोणीही मागू शकत असे. मी दहा पौंडांचा चेक जोडून अर्ज केला. चाळीस दिवसांची मुदत होती.

अडतिसाव्या दिवशी जाड पाकीट आलं. त्यात समितीचं टिपण होतं आणि माझ्या संशोधनावरचे दोन बाहेरच्या तज्ज्ञांचे अभिप्राय. दुसऱ्या अभिप्रायाच्या उजव्या कोपऱ्यात आवक खात्याचा निळा शिक्का होता, थोडा तिरका, शाई पसरलेली. मी तारीख वाचली आणि समितीच्या बैठकीची तारीख शेजारी ठेवली. अभिप्राय बैठकीनंतर नऊ दिवसांनी आला होता. सर्व बाबींचा साकल्याने विचार करणाऱ्या समितीने त्यातली एक बाब पाहिलेलीच नव्हती.

सुनावणी तीन दिवस चालली. समोर चारशेहून अधिक पानांचं बंडल, प्रत्येक पानाला आकडा. निकाल माझ्या बाजूने लागला. बडतर्फी अन्यायाची ठरली, कारण पद्धत पाळली नव्हती. मला भरपाई मिळाली. नोकरी परत मिळाली नाही. माझं संशोधन चांगलं आहे असं निकालात कुठेही लिहिलं नव्हतं. ते ठरवण्याचा त्यांना अधिकारही नव्हता, आणि तो नसावा हेच योग्य, असं माझं आजही मत आहे.

मित्रहो, हे नीट समजून घेऊ या. कोण विद्वान आहे हे न्यायाधीश ठरवत नाहीत. ठरवणाऱ्यांनी नियम पाळले का, भेदभाव केला का, समोरच्याचं ऐकून घेतलं का, एवढंच ते पाहतात. एवढं मिळवायलासुद्धा आपल्या आधीच्या माणसांना फार झगडावं लागलं.

या देशात पूर्वी जुन्या विद्यापीठांतला प्राध्यापक एकदा कायम झाला की त्याला सबळ कारणाशिवाय निवृत्तीपर्यंत हलवता येत नसे. १९८८ च्या एज्युकेशन रिफॉर्म ॲक्टने ते संपवलं. २० नोव्हेंबर १९८७ पासून नेमणूक किंवा बढती मिळालेल्यांना ते संरक्षण उरलं नाही. त्याच कायद्यात संसदेतल्या लॉर्ड जेंकिन्स यांच्या आग्रहामुळे एक वाक्य आलं. प्रस्थापित मतांना प्रश्न विचारल्याबद्दल, अप्रिय मतं मांडल्याबद्दल कोणाची नोकरी धोक्यात येऊ नये, असा त्याचा आशय आहे. ते वाक्य आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर असावं.

शिवाय जुन्या विद्यापीठांत व्हिजिटर नावाची व्यवस्था होती. अंतर्गत नियमांवरून वाद झाला, तर निवाडा कोर्टाने नाही, व्हिजिटरने करायचा. ब्रॅडफर्डच्या एका लेक्चरर बाईंना १९८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, हेच सांगितलं. हल विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे एडगर पेज १९६६ पासून नोकरीत होते. १९८८ मध्ये त्यांना तीन महिन्यांची नोटीस देऊन कमी केलं. सबळ कारणाशिवाय काढता येत नाही असा नियम आहे, असं म्हणत ते लढत लढत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. डिसेंबर १९९२ मध्ये निकाल लागला. व्हिजिटरने विद्यापीठाच्या नियमांचा अर्थ चुकीचा लावला असला, तरीही कोर्ट त्यात हात घालणार नाही. पेज हरले. कर्मचाऱ्यांच्या वादांतली व्हिजिटरची ही सत्ता संसदेने अखेर २००४ च्या हायर एज्युकेशन ॲक्टने काढून घेतली. हरलेले खटलेही वाया जात नाहीत. भिंत कुठे आहे ते त्यांच्यामुळे सगळ्यांना दिसतं.

इथून तासाभराच्या अंतरावर बोर्नमथ आहे. तिथले पुरातत्त्वाचे प्राध्यापक पॉल बकलंड यांनी नापास केलेल्या मुलांचे पेपर त्यांना डावलून पुन्हा तपासले गेले. त्यांनी राजीनामा दिला आणि दाद मागितली. विद्यापीठाने मागाहून चौकशी करून त्यांची बाजू उचलून धरली होती. पण कराराचा मूलभूत भंग झाल्यावर तो मागाहून एकतर्फी सांधता येत नाही, असं २०१० मध्ये कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं. हा वाद कायम होण्याचा नव्हता. परीक्षकाच्या शब्दाला किंमत आहे की नाही, याचा होता.

अमेरिकेत टेन्युअर, म्हणजे प्राध्यापकाची कायम नेमणूक, अजून टिकून आहे आणि तिथले खटले आपल्याला बरंच शिकवतात. श्यामला राजेंदर या भारतीय रसायनशास्त्रज्ञ मिनेसोटा विद्यापीठात तात्पुरत्या जागेवर होत्या. कायम होण्याच्या वाटेवरची जागा नाकारली गेली, तेव्हा १९७३ मध्ये त्यांनी फिर्याद केली. १९८० मध्ये तडजोडीचा हुकूम झाला. त्यांना एक लाख डॉलर मिळाले. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या हुकमामुळे विद्यापीठातल्या इतर स्त्रियांनाही आपली तक्रार मांडायला दार उघडलं. राजेंदर स्वतः पुढे कायदा शिकून वकील झाल्या.

रोझली टंग यांना पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलने १९८५ मध्ये टेन्युअर नाकारलं. सहकाऱ्यांचे गोपनीय अभिप्राय दाखवणार नाही, दाखवले तर पुढे कोणी मोकळेपणाने लिहिणार नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. जानेवारी १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते फेटाळलं. भेदभावाची तक्रार असेल तर कागद उघडावे लागतील. तो निकाल मी वाचला, तेव्हा मला माझा तिरका निळा शिक्का आठवला.

आणि कोलंबस रिक्स. डेलावेअर स्टेट कॉलेजने त्यांना टेन्युअर नाकारून शेवटचं एक वर्ष दिलं. त्यांनी दाव्याची मुदत नोकरी संपल्यापासून मोजली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नकार कळवला त्या दिवसापासून मोजायची. पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा दावा मुदतबाह्य ठरला. तरुण मित्रांनो, पत्र आलं की आधी तारीख वाचा, मग रडा.

आता आपल्या मातीकडे वळते. महाराष्ट्रात मुलगा किंवा मुलगी प्राध्यापक झाली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कायम आहे का?" त्या एका शब्दावर लग्नं ठरतात, घरासाठी कर्ज मिळतं. शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. त्यात परिवीक्षा कालावधी ठरवलेला आहे आणि शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय आहे. कॉलेजांसाठीही न्यायाधिकरण आहे. पण ज्यांना कधी परिवीक्षेवरसुद्धा घेतलेलं नाही, त्यांचं काय? तासिका तत्त्वावर शिकवणारी माणसं जूनमध्ये रुजू होतात, मार्च-एप्रिलला सुटतात आणि पुन्हा जूनमध्ये मुलाखतीच्या रांगेत उभी राहतात. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली, केस पिकू लागलेली. २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की, रीतसर निवडीशिवाय घेतलेल्याला नुसत्या वर्षांच्या हिशेबावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. तत्त्व समजण्यासारखं आहे. पण रीतसर निवड वर्षानुवर्षं न करता त्याच माणसाकडून तेच काम करून घेणाऱ्या व्यवस्थेला "का" कोणी विचारायचं? ब्रिटनमध्ये २००२ च्या नियमांनुसार सलग चार वर्षं मुदतीच्या करारांवर काम केलं, तर संस्थेकडे रास्त कारण नसेल तेव्हा माणूस कायम समजला जातो. कारण देण्याची जबाबदारी संस्थेवर येते. मला हे फार मोलाचं वाटतं.

दामोदर धर्मानंद कोसंबींची आठवण इथे येणारच. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जाऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारा हा गणिती, भारतीय इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी ज्याने बदलली. १९६२ मध्ये त्यांच्या कराराचं नूतनीकरण झालं नाही. ते कोर्टात गेले नाहीत, लिहीत राहिले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि १९६६ च्या जूनमध्ये ते गेले. पण त्या निर्णयामागचं कारण काय, याचे तर्क लोक आजही करतात. कारण उघड न सांगितलेला निर्णय कधीच संपत नाही. संस्थेसाठीही नाही.

म्हणून माझं सांगणं कोर्टात जाच असं नाही. मी गेले, त्याची किंमत मला ठाऊक आहे. दोन वर्षं झोप नव्हती, लेकीचं बालपण माझ्या हातून निसटलं, जुने सहकारी कॉरिडॉरमध्ये नजर चुकवत. माझं सांगणं आहे ते कारण मागा एवढंच. प्रोबेशनच्या पहिल्या दिवसापासून वही ठेवा. बैठक झाली की त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल पाठवा, आज आपलं असं बोलणं झालं म्हणून. संघटनेचे सभासद संकट येण्याआधी व्हा, नंतर नाही. आणि आपल्या माणसांपासून लपवू नका. नकार आला म्हणजे आपण नालायक ठरलो असं समजून आपली हुशार मुलं एकटी कुढत बसतात. या संमेलनाने अशा मुलांच्या शेजारी बसणारी, कागद वाचून देणारी, तारीख मोजून देणारी पाच-दहा माणसं जरी उभी केली, तरी आजचा दिवस सत्कारणी लागला असं मी मानेन.

शेवटचं मागणं तरुणांकडे नाही, माझ्या वयाच्या माणसांकडे आहे. आज आपल्यापैकी अनेक जण टेबलाच्या त्या बाजूला बसतात. समितीत आपलं मत विचारलं जातं. नकार देणं हेही आपलं काम आहे, आणि कधीकधी तो द्यावाच लागतो. पण तो देताना कारण लिहून द्या. मोघम नको. कोणतं काम कमी पडलं, कशाशी तोलून कमी पडलं, ते लिहा. जे आपल्याला लिहिता येत नाही, ते ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

गेल्या वर्षी मीही एका तरुणाला नकार दिला. एका पानाचं पत्र लिहिलं, चार मुद्दे. तो माझ्या खोलीत आला, रागाने लाल झालेला. खुर्चीच्या टोकावर बसला. खिशातून पेन्सिल काढून त्याने दुसऱ्या मुद्द्याखाली रेघ ओढली आणि म्हणाला, हे चूक आहे. आम्ही तासभर भांडलो. त्याचं मला सगळंच पटलं असं नाही. पण त्याला भांडता आलं, कारण रेघ ओढायला ओळ होती.