जुनी होडी घेताना

नीरा आणि भीमा जिथे मिळतात त्या नरसिंहपुरात पुणे जिल्हा संपतो. नीरेपलीकडे माळशिरस तालुका, भीमेपलीकडे माढा. दोन्ही सोलापूर जिल्ह्यातले. वरच्या अंगाला भीमेवर उजनीचं धरण आणि नीरेवर वीरचं. पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी सुटलं की संगमावर किती क्युसेक आहे, याकडे पंढरपूरचे लोक कान लावून बसतात. अशा गावात होडी हा हौसेचा विषय नसतो. मासेमारीला लागते, पलीकडच्या काठाला जायला लागते, संगमावर आलेल्या भाविकांना फिरवायला लागते.

मी इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, आणि गेली वीसेक वर्षं बोटींची मशीनं. त्यामुळे जुनी बोट घ्यायची ठरली की लोक मला बरोबर नेतात. बहुतेक वेळा इसार देऊन झाल्यावर नेतात, ही गोष्ट वेगळी.

आमच्या भागात जुन्या बोटी येतात त्या मुख्यतः उजनीच्या जलाशयावरून. १९८० साली धरण पुरं झालं आणि इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते पाहायला माणसं जातात. बोटवाल्याला मात्र ते दिवस नकोसे वाटतात. पाण्याखाली बोटभर खोलीवर कुणाच्या घराची भिंत असेल, कुठे विहिरीचा कठडा, कुठे बाभळीचा बुंधा, काही सांगता येत नाही. तिथे वापरलेल्या बोटीचा तळ घासलेला असणारच. घासलेला असणं हा दोष नव्हे. तो कसा बुजवला आहे, हे पाहायचं.

म्हणून पहिली अट अशी की बोट पाण्याबाहेर काढून, पालथी घालून दाखवली पाहिजे. पाण्यात उभी असलेली बोट बघणं म्हणजे पडद्याआडून मुलगी बघण्यासारखं आहे. पालथी घातली की रंगाकडे बघा. सगळी बोट जुन्या रंगाची आणि तळाचा एक पट्टा तेवढा नवा, तर त्या पट्ट्यावर हात ठेवून बसा आणि मालकाला विचारा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जा, वीतभर अंतराने. फायबर एकसंध असेल तर आवाज खणखणीत येतो. आतले थर सुटले असतील, पाणी शिरलं असेल, तर आवाज बद्द येतो. कलिंगड घेताना आपण जो कान लावतो तोच इथे लावायचा.

लाकडी होडीचं उलट असतं. शिमग्यापासून काठावर उन्हात पडलेल्या होडीच्या फळ्यांमधून उजेड दिसतो, आणि नवखा माणूस घाबरून परत जातो. ती होडी दोन दिवस पाण्यात सोडावी. फळ्या फुगतात, सांधे धरतात. तिसऱ्या दिवशीही पाणी येत राहिलं तर मात्र नको म्हणावं. पत्र्याच्या बोटीत आतून बघायचं, कारण पाणी साचतं ते आत, आणि गंज धरतो तो तिथेच.

मुंबई-गोव्याकडे किंवा परदेशात शिडाची मोठी नौका, ज्याला यॉट म्हणतात, ती विकत घेताना खरेदीदार स्वतःच्या खर्चाने सर्वेक्षक नेमतो. विकणाऱ्याचा माणूस चालत नाही. नौका क्रेनने उचलतात, तळाला ओलावा मोजायचं यंत्र लावतात, मग समुद्रात चालवून बघतात, आणि हे सगळं झाल्यावर व्यवहार पक्का होतो. आपल्याकडे ना क्रेन ना ओलाव्याचं यंत्र. पण आपल्याकडे उसामुळे जागोजागी वजनकाटे आहेत! फायबरच्या थरांत किंवा आतल्या लाकडात पाणी मुरलं की बोट जड होते. रिकामी ट्रॉली काट्यावर घ्यायची, मग बोटीसकट घ्यायची. त्याच मापाच्या कोरड्या बोटीचं वजन बनवणाऱ्याकडून फोनवर कळतं. मशीन आणि सामान आधी उतरवून ठेवायचं, एवढं लक्षात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची चार पोरं अशीच एक अठरा फुटी निळी बोट बघायला गेली. पैसे आयांच्या बचत गटातून उचललेले. इसार द्यायच्या आधी मला नेलं, हे त्यांचं शहाणपण. मशीनवर आधी हात ठेवून पाहिला. गार होतं. गरम लागलं असतं तर आपण येण्याआधीच ते चालू करून ठेवलंय असं समजायचं. पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू झालं, थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडली, गिअरच्या तेलात पांढुरका गढूळपणा नव्हता. पोरं खूश. त्यांच्या मते बोट पास झाली होती.

मी मशीन बंद केलं, खालचा दांडा धरला आणि वर-खाली दाबला. मशीन ज्या मागच्या फळीला अडकवतात, ती फळी श्वास घेतल्यासारखी हलली. एक बोल्ट काढून भोकात टोच्या घातला, तर काळा, ओला भुसा बाहेर आला. वरून फायबर शाबूत, आतलं प्लायवुड कुजलेलं. वाटेतल्या काट्यावर वजन केलं. बनवणाऱ्याने सांगितलं होतं त्यापेक्षा ११० किलो जास्त भरलं. म्हणजे भर प्रवाहात जोर लावल्यावर मशीन फळीसकट पाण्यात जाणार, आणि मागे राहणार ते भगदाड. मशीन बंद पडलं तर वल्हं मारून काठ गाठता येतो. फळी गेली तर काय करणार?

श्रोतेहो, २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. एक जण पोहून काठाला लागला. तसल्या वाऱ्यापुढे धडधाकट बोटही टिकेल असं नाही, आणि आभाळ भरून आल्यावर बोट सोडूच नये. पण घेतानाच जेवढं पाहता येतं तेवढं तरी पाहावं. जितकी माणसं बसवणार तितक्या वजनाची पोती भरून काठ पाण्यावर किती राहतो, ते मोजा. वीतभरही राहत नसेल तर माणसं कमी करा. बोटीत बंद हवेचे कप्पे असतील तर छातीभर पाण्यात ती मुद्दाम पाण्याने भरून बघा, तरंगत राहिली पाहिजे. मालक कुरकुर करतो, करू द्यावी. आणि कागद मागा. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आहे. मशीनच्या बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ‘आपल्या नदीत कोण विचारतंय’ हे उत्तर मी खूप ऐकलंय.

पोरांनी त्या मालकाकडून फक्त मशीन घेतलं. मीच सांगितलं तसं, मशीन खरंच चांगलं होतं. होडी लाकडी घेतली, दुसरीकडून, तीन दिवस पाण्यात ठेवून. मी मालकाला म्हटलं, ती मागची फळी पुरी कापून नवी बसवल्याशिवाय बोट कुणाला देऊ नका. तो हो म्हणाला. पंधरा दिवसांनी फोन केला तेव्हा बोट विकली गेली होती. फळी बदलली का, तर म्हणाला, घेणाऱ्याने विचारलं नाही. बोट कुठल्या काठाला गेली तेही त्याने सांगितलं नाही. निळी होती तेव्हा. आता कदाचित हिरवी असेल.