जंगलकडेच्या गावांनी बिबट्यापासून गुरे-शेळ्या कशा राखाव्यात?



आजच्या भाषणात खत नाही, बियाणे नाही आणि फवारणीही नाही. कन्नड, सोयगाव, खुलताबाद भागांत वस्तीवर बैठकीला बसलो की कपाशीच्या बोंडअळीआधी बिबट्याचा विषय निघतो. मी शेतीखात्याचा माणूस, वनखात्याचा नव्हे. पण शेळी ही गरिबाची चालती-बोलती ठेव आहे. ती गेली की पोराच्या शाळेचा खर्च नाहीतर पेरणीचे पैसे गेले. म्हणून हा विषय शेतीचाच समजून चालू या.

आपला गौताळा-औट्रमघाट परिसर १९८६ साली अभयारण्य झाला. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, काही भाग आपल्या कन्नड तालुक्यात आणि काही घाटाखाली चाळीसगावकडे. नकाशावर अभयारण्याला हद्दीची रेघ असते. जमिनीवर मात्र जंगल संपते तिथे आपला बांध सुरू होतो, मध्ये काहीच नाही. मका पुरुषभर वाढला, ऊस दाटला, की जनावराच्या दृष्टीने ते जंगलच. मार्च २०२१ मध्ये तर गौताळ्यात वाघाचे छायाचित्र मिळाले. झाडाला बांधलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात तो आला. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा वेगळा, तसे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा कळले, की हा यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला वाघ. सुमारे ३३० किलोमीटरची मजल मारून आलेला! ही वाट अर्थातच शेता-शिवारांमधून येते. तेव्हा जनावर आपल्या शिवारातून जाते-येते हे धरूनच चालले पाहिजे.

आता बिबट्या काय खातो? आपण म्हणतो, शेळ्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात याचा चांगला अभ्यास झाला आहे. डॉ. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ नंतरच्या काही वर्षांत तिथे उसाच्या पट्ट्यात काम केले. तिथल्या शेतकऱ्यांच्या बांधावर आणि पाणंदीला कॅमेरे लागले. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या भरवस्तीच्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे निघाले. जवळजवळ तेवढेच तरसही निघाले.

त्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तीतले केस तपासले आणि कशाचे मांस किती खाल्ले याचा हिशेब काढला. त्यात कुत्री ३९ टक्के आणि शेळ्या फक्त ११ टक्के. मंडळी, त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती! मग बिबट्याने शेळ्या का सोडल्या? त्याला आवडत नाहीत म्हणून नव्हे. शेळ्या रात्री बंद गोठ्यात असतात आणि राखायला माणूस असतो. कुत्रे मोकळे हिंडते. जे सहज मिळेल ते तो उचलतो.

यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आल्या. पहिली गोठ्याची.

आपल्याकडे वस्तीवर शेळ्यांना काट्याचे कुंपण करतात आणि वर आभाळ मोकळे ठेवतात. हे कुंपण कोल्ह्याला ठीक आहे. बिबट्या मात्र झाडावर चढणारा प्राणी आहे. पाच-सहा फुटांची भिंत तो बसल्या जागेवरून उडी मारून ओलांडतो आणि एकदा आत शिरला की घाबरलेल्या शेळ्यांच्या धावपळीत एकाऐवजी सहा-सात मारून टाकतो. म्हणून गोठ्याला वरून छप्पर पाहिजेच. छप्पर पत्र्याचे असेल तर पत्रे आकड्यांनी घट्ट आवळावेत. नुसते दगड ठेवून भागत नाही. पाचटाचे असेल तर त्याखाली जाळी मारावी. चारही बाजूंनी जाड तारेची, दोन इंचांहून मोठा डोळा नसलेली जाळी लावावी. मोठ्या डोळ्यातून पंजा आत येतो आणि कडेला बसलेली शेळी ओढली जाते. जाळीचा खालचा काठ फूटभर जमिनीत पुरावा. दाराला कडी बाहेरून घालावी आणि कडीत खिळा किंवा कुलूप असावे. पुष्कळ ठिकाणी पक्का गोठा असतो आणि दार मात्र पोत्याचे! दहा-बारा शेळ्यांच्या खुराड्याला जाळी आणि लाकूड मिळून जो खर्च येईल, तो दोन शेळ्यांच्या किमतीशी ताडून पाहा. वासरे आणि करडे आतल्या बाजूला बांधावीत. मोठी म्हैस किंवा बैल यांच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही.

दुसरी गोष्ट कुत्र्यांची. मेलेले जनावर गावाबाहेर ओढ्यात टाकायचे, कोंबडीच्या दुकानातली घाण पांदीला टाकायची, ही सवय फार वाईट आहे. घाणीवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मेलेले जनावर खोल खड्डा करून पुरावे. हे काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावे, एकट्याने होणारे नाही. पाळलेले कुत्रे रात्री अंगणात साखळीला बांधू नये. ते पळू शकत नाही, म्हणजे बिबट्याला दारात जेवण मांडल्यासारखेच होते. त्यालाही रात्री आत घ्यावे.

आता माणसांचे. रात्रपाळीची वीज असली की पाणी द्यायला जावेच लागते, हे मला माहीत आहे. घरात बसा असे मी सांगणार नाही, पीक वाळेल. पण एकट्याने जाऊ नये. जोडीने जावे, हातात बॅटरी आणि काठी असावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावे. बिबट्याला माणसाची चाहूल लागली तर तो बहुधा बाजूला होतो. बारे देताना वाकलेला किंवा खाली बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा भासतो, तेव्हा मधून मधून उभे राहावे. दिवस मावळल्यावर लहान मुलांना एकटे अंगणातही सोडू नये. यात हयगय नको. शौचालय असून जी मंडळी अंधारात उसाकडेला जातात, त्यांना यापेक्षा जास्त काय सांगावे!

काही जण म्हणतील, एवढे सोसण्यापेक्षा पिंजरा लावा, धरा आणि लांब नेऊन सोडा. मागणी चुकीची वाटत नाही, पण ती पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात करून झाली आहे. २००१ पासून तिथे मोठ्या प्रमाणावर बिबटे धरले आणि दुसरीकडच्या जंगलांत सोडले. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होत. सोडासोडी सुरू झाल्यावर ते सतराच्या घरात गेले आणि जीव जाण्याचे प्रमाण दुप्पट झाले. असे का व्हावे? आपल्या शेताला जशी हद्द, तशी बिबट्यालाही असते. हद्दीतली कुठली वस्ती, कुठली वाट, माणसे केव्हा उठतात, हे त्याला ठाऊक असते. त्याला उचलून परक्या रानात टाकले की तो बिथरतो आणि परतीची वाट धरतो. इकडे त्याची जागा रिकामी झाली की दुसरा, बहुधा तरणा, येऊन बसतो. टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडले होते. तो महिन्याभरात चालत मुंबईच्या कडेला पोचला आणि एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही. लोकांनी त्याचे नाव आजोबा ठेवले.

म्हणजे सगळेच बिबटे निरुपद्रवी असे नव्हे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन माणसांचा जीव गेला, त्यांत मुलेही होती. माणसांवर चटावलेले जनावर हटवलेच पाहिजे, आणि तसा आदेश देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण दिसला बिबट्या की लाव पिंजरा, हा त्यावरचा उपाय नाही.

आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बंधू-भगिनींना एक खास सांगणे. तोडताना फडात बछडे सापडले तर त्यांना उचलून खोपीवर आणू नका, फोटोसाठी मांडीवर घेऊ नका. मादी जवळच असते आणि पिलांसाठी चवताळते. तोड थांबवून मागे सरा आणि वनखात्याला कळवा. बछडी सापडल्या जागीच पेटीत ठेवली की रात्री मादी येऊन घेऊन जाते. जुन्नर भागात हे अनेकदा करून झाले आहे.

बिबट्या गावात शिरलाच तर सर्वांत मोठी अडचण होते ती गर्दीची. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्याच शहरात, सिडकोच्या एन-१ भागात बिबट्या शिरला, तेव्हा त्याला बेशुद्ध करून पकडायला काही तास लागले. अशा वेळी आरडाओरड, दगडफेक, मोटारसायकली मागे लावणे यांनी कोंडलेले जनावर अंगावर येते. त्याला निघून जायची वाट मोकळी ठेवावी, घरांची दारे लावावीत आणि १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करावा.

शेळी किंवा गाय मारली गेली तर काय करायचे, हे नीट ध्यानात ठेवा, कारण इथेच पुष्कळांचे पैसे बुडतात. मेलेले जनावर जागेवरून हलवू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा आणि कळवल्याची पोच घ्या. पंचनामा होतो, पशुवैद्यक किंमत ठरवतात. ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे गाय, बैल, म्हैस यांसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. चालू दर कार्यालयात विचारून घ्यावेत. अभयारण्यात विनापरवाना चरताना मेलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही.

रागाच्या भरात मढ्यावर विष मात्र टाकू नका. बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे वरच्या दर्जाचे संरक्षण आहे. भरपाई बाजूलाच राहील आणि तुरुंगाची वेळ येईल. ते मढे गावातली कुत्री खातात, घारी-गिधाडे खातात, ही गोष्ट वेगळीच. तसेच डुकरांसाठी तारेत वीज सोडणे. त्या तारेला डुकराआधी शेजारचा शेतकरीही चिकटतो. विहिरीला कठडा नसेल तर तो बांधून घ्या. त्यात बिबट्याही पडतो आणि पोरही पडते.

शेवटी एक काम गावासाठी. चंद्रपूर भागात काही गावांत तरुणांची पथके आहेत. जनावर आल्याचे कळले की वनखात्याची माणसे पोचेपर्यंत ती गर्दी आवरतात. आपल्याकडे चार-पाच विश्वासू तरुण प्रत्येक गावात निघतील. त्यांनी एक वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, कुठल्या गटात काय दिसले, पाऊलखूण कुठे, कोणाचे जनावर गेले आणि गोठा उघडा होता की बंद, हे लिहावे. शेवटचा रकाना विसरू नका. अकोल्याचा अभ्यासही अशाच साध्या नोंदींनी आणि शेतकऱ्यांच्या मदतीने उभा राहिला. वही दर महिन्याला वनरक्षकाला दाखवावी. कुंपणाच्या किंवा जन-वन विकास योजनेच्या लाभात गाव बसते का, हेही त्याच वेळी विचारावे. मका कापणीला आला की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो जागा बदलतो. म्हणून वहीची सुरुवात कापणीच्या आधी, आणि गोठ्याच्या जाळीचे काम त्याहीआधी उरकून घ्यावे.