छोट्या विमानाचा वीजपुरवठा

बिनतारी संदेशावर चालणारे छोटे विमान मैदानावरून झेपावले म्हणजे पाहणाऱ्यांची नजर त्याच्या पंखांवर खिळते. परंतु ते सुखरूप खाली उतरणार की नाही, हे पुष्कळदा त्याच्या पोटात दडलेल्या बॅटरीवर आणि तिच्याशेजारी बसविलेल्या चिमुकल्या दाबनियामकावर अवलंबून असते.

या विद्येच्या आरंभी विजेकडे उड्डाणाचे काम नव्हते. १९३७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी बिनतारी नियंत्रणाखालील प्रतिकृती उडविली, तेव्हा तिला शक्ती मिळे ती पेट्रोलच्या इंजिनाची. संदेश ग्रहण करणे आणि सुकाणू हलविणे हे विजेचे काम. त्यासाठीही निर्वात नलिकांना तापतंतूची एक आणि उच्च दाबाची दुसरी अशा बॅटऱ्या लागत, आणि त्यांचा भार विमानाला वाहावा लागे. पुढे ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे विमान विजेच्या मोटारीवर उडवून दाखविले. त्यात चांदी व जस्त यांचे घट वापरले होते. त्यानंतर निकेल-कॅडमियमचे घट रूढ झाले. लिथियमचे हलके घट आल्यावर मात्र विजेचे उड्डाण हौशी माणसाच्या आटोक्यात आले.

येथूनच एक नवी अडचण उभी राहिली. मोटारीला जोर हवा, म्हणून तिला अधिक दाबाची बॅटरी द्यावी लागते. लिथियम-पॉलिमरच्या एका घटाचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट, तीन घट एकापुढे एक जोडले की ११.१ व्होल्ट होतात, आणि पूर्ण भारित अवस्थेत १२.६. उलटपक्षी, संदेश ग्रहण करणारा रिसीव्हर आणि सुकाणू फिरविणाऱ्या सर्व्हो-मोटारी पूर्वापार ४.८ ते ६ व्होल्टांच्या बेताने बांधल्या गेल्या. १.२ व्होल्टांचे चार निकेल घट जोडून ती गरज सहज भागत असे. एकाच बॅटरीवर दोन्ही कामे भागवावयाची, तर मध्ये दाब उतरवून स्थिर ठेवणारा नियामक हवाच.

नियामकाचे मुख्य प्रकार दोन. पहिला सरळ पद्धतीचा. तो जादा दाब उष्णतेच्या रूपाने खर्ची टाकतो. ११.१ व्होल्टांचे ५ व्होल्ट करताना एक अँपियर प्रवाह वाहिला, तर उपयोगी पडते ५ वॅट शक्ती आणि नियामकात उष्णता होते ६.१ वॅट. म्हणजे कामापेक्षा ताप अधिक! प्रवाह दोन अँपियर झाला, की हा ताप १२ वॅटांच्या वर जातो. अतिशय तापलेला नियामक स्वतःला वाचविण्यासाठी पुरवठाच बंद करतो. नियामक वाचतो, पण विमान जाते.

दुसरा प्रकार वीज अतिवेगाने चालू-बंद करून, वेटोळे आणि धारित्र यांच्या साह्याने तिचा प्रवाह पुन्हा सलग करणारा. यात शक्तीचा अपव्यय फार थोडा होतो. मात्र या चालू-बंद होण्यातून बिनतारी गोंगाट निर्माण होऊ शकतो. म्हणून असा नियामक रिसीव्हरपासून शक्य तितका दूर ठेवतात आणि जरूर तर त्याच्या तारांवर फेराइटचे कडे चढवितात.

धोका दिसतो कोठे? विमान संथपणे उडत असताना सर्व्होंना थोडाच प्रवाह लागतो. परंतु वाऱ्याचा झोत आला किंवा उड्डाण करणाऱ्याने एकदम सगळे दांडे हलविले, की सर्व सर्व्हो एकाच क्षणी प्रवाह ओढतात. नियामक तोकडा असेल तर दाब कोसळतो आणि आधुनिक रिसीव्हरमधील संगणक क्षणभर बेशुद्ध होतो. तो सावध होऊन प्रक्षेपकाशी पुन्हा संबंध जुळवीपर्यंत दोन सेकंद गेले, तरी ताशी १०० किलोमीटर वेगाचे विमान ५५ मीटर अंतर निर्नायकी कापते. त्या अंतरात झाड असेल, भिंत असेल, किंवा मैदानाच्या कडेला उभे असलेले मूलही असेल.

म्हणूनच वेगनियंत्रकात एक सुज्ञ योजना असते. बॅटरीचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला, की मोटारीचा पुरवठा तोडला जातो आणि उरलेली वीज सुकाणूसाठी राखली जाते. गती गेली तरी दिशा हाती राहते आणि विमान तरंगत खाली आणता येते. मोठ्या विमानात तर जाणते लोक रिसीव्हरसाठी स्वतंत्र बॅटरीच ठेवतात. थोडे वजन वाढते, पण एकीचे अपयश दुसरीला भोवत नाही.

उड्डाणापूर्वी जमिनीवरच सर्व सर्व्हो एकदम हलवून दाबमापकावर नजर ठेवावी. काटा खाली झुकला, तर ते विमान त्या दिवशी उडवू नये. लिथियमचा घट ४.२ व्होल्टांच्या वर भारित करू नये, ३ व्होल्टांच्या खाली उतरू देऊ नये. फुगलेला घट वापरू नये आणि भारित होत असलेली बॅटरी एकटी सोडून जाऊ नये, कारण तिला लागलेली आग सहजी विझत नाही.

मोटारीचा जोर पाहणाऱ्यांना दिसतो. सुकाणूला मिळणारा स्थिर दाब कोणाला दिसत नाही. जाणता उड्डाणकर्ता मात्र आधी त्या दाबाची व्यवस्था करतो आणि मग जोराचा विचार करतो.