आच किती, उष्णता किती?

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी राज्य शासनाच्या सेवेत आहे, शिक्षण पॉलिटेक्निकच्या पदविकेपर्यंत. इथे बसलेल्या आजी-काकूंना स्वयंपाक शिकवण्याची माझी पात्रता नाही. पण त्यांच्या हाताला जे कळतं त्यामागचं शास्त्र नव्या पिढीला सांगितलं, तर गॅस वाचेल आणि अपघातही टळतील. म्हणून हा विषय.

आधी पाणी. आपलं ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी साधारण ९९ अंश सेल्सिअसला उकळतं. एकदा उकळी फुटली की गॅस कितीही मोठा करा, पाणी त्याहून जास्त तापत नाही. जास्तीच्या उष्णतेची फक्त वाफ होते. एक लिटर साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. म्हणजे आमटी उघड्या पातेल्यात खळखळ उकळली काय किंवा झाकण ठेवून मंद आचेवर उकळली काय, त्यातला बटाटा जवळपास तेवढ्याच वेळात शिजतो. फरक पडतो तो सिलिंडरला.

कुकरचं वेगळं. त्यात वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून तुरीची डाळ लवकर शिजते. पूर्ण दाब आला की गॅस बारीक करा. आतलं तापमान तेच राहतं. शिट्टी म्हणजे बाहेर पडणारी जास्तीची वाफ. म्हणून शिट्ट्यांपेक्षा मिनिटं मोजावीत.

उकडीच्या मोदकांना वाफेतली हीच साठलेली उष्णता शिजवते. गार मोदकावर वाफेचं पाणी होतं, तेव्हा ती सगळी उष्णता मोदकाला मिळते. हातावर वाफ आली तर हातालाही तेवढीच मिळते. मोदकपात्राचं झाकण नेहमी आपल्यापासून दूर, पलीकडच्या बाजूने उचलावं.

आता तेल-तूप. इथे १०० अंशांची मर्यादा नाही. गॅस चालू आहे तोवर तेल तापतच जातं. तळणीच्या मोदकांना साधारण १६० ते १७० अंश पुरतात. थर्मामीटर नको, पिठाची बारीक गोळी टाकून पाहा. तळाशीच बसली तर तेल गार, लगेच लाल झाली तर फार तापलेलं, बुडबुडे काढत सावकाश वर आली तर बरोबर. ते बुडबुडे म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ.

आपल्या चंबळ भागात सरसोंचं तेल धूर येईपर्यंत तापवतात. तेव्हा ते साधारण २५० अंशांवर असतं. त्यात लगेच मोहरी-मेथी टाकली तर जळणारच. गॅस बंद करून थोडं निवू द्यावं, मग फोडणी करावी. धूर ही तेलाची सूचना समजा. तिकडे दुर्लक्ष झालं तर पुढे तेल पेट घेतं. तसं झालं तर गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवा. कढई उचलू नका आणि पाणी तर मुळीच टाकू नका. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती पेटतं तेल चारी बाजूंना उडवते.

शेवटी आपल्या जुन्या भांड्यांविषयी. लष्करच्या वाड्यांमधून आलेली पितळी पातेली अजून बऱ्याच घरी आहेत. त्यांची कल्हई म्हणजे कथील, आणि ते २३२ अंशांना वितळतं. भांड्यात पाणी आहे तोवर कल्हईला भीती नाही. रिकामं भांडं आचेवर राहिलं किंवा त्यात कडकडीत तेल तापवलं, तर कल्हई जाते. वरण पितळेच्या पातेल्यात आणि फोडणी वेगळ्या लोखंडी कढल्यात, ही आपल्या आज्यांची पद्धत या आकड्याशी किती चपखल बसते पाहा!

तेव्हा ज्योत किती मोठी आहे यापेक्षा भांड्यात पाणी आहे की तेल, हे आधी पाहावं. पाणी असेल तर उकळीनंतर आच कमी करून झाकण ठेवावं. तेल असेल तर कढईपासून हलू नये. घरातल्या मुला-मुलींना, सुना-जावयांना एवढं जरूर सांगा.

 गणपती बाप्पा मोरया!