फोटो आडवा का दिसतो?



वसंत व्याख्यानमालेत मोठमोठ्या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आम्ही मात्र आज अगदी किरकोळ वाटणारा विषय घेऊन उभे आहोत. टॅब्लेटवर पाहताना फोटो आडवा किंवा उलटा का दिसतो आणि तो सरळ कसा करावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. मजुरी आणि बोनस सोडून संघटनेच्या माणसाने हे काय आरंभिले, असे कुणास वाटेल. पण मजुरीचा आणि फोटोचा संबंध आता फार जवळचा झाला आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, घरोघर बिड्या वळल्या जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जातो आणि पावसाळ्यात धानाची रोवणी होते. या कष्टाचा पुरावा म्हणजे पूर्वी हजेरीपट आणि अंगठा. पुढे रोजगार हमीच्या कामांवर मजुरांचा फोटो काढून हजेरी पाठविण्याची पद्धत मे २०२१ मध्ये आली, आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सर्व सार्वजनिक कामांना सक्तीची झाली. पेन्शन असो, मुलांची शिष्यवृत्ती असो, कागदाचा फोटो काढून पाठवावा लागतो. अशा वेळी फोटो आडवा होणे ही गंमत राहत नाही.

आमच्याकडे एक वृद्ध बिडी कामगार बाई आली. एका कचेरीतून तिचा अर्ज दोनदा परत आला होता आणि दोन्ही वेळा शेरा एकच होता: ‘कागद वाचता येत नाही.’ तिच्या नातवाच्या फोनवर पासबुकाचा फोटो अगदी सरळ दिसत होता. तोच आमच्या टॅब्लेटवर उतरविला, तर एका कुशीवर आडवा झाला. मग खोटे कोण बोलत होते? नातू, की कचेरी? खरे म्हणजे दोघेही खरे बोलत होते. हे कसे, ते आता पाहू.

फोनमध्ये फोटो टिपणारी जी काचेमागची पट्टी असते, ती फोनच्या अंगाला कायमची बसविलेली असते. फोन उभा धरला म्हणून ती फिरत नाही. त्यामुळे उभा फोन धरून काढलेला फोटोही बहुतेक फोन आडवाच साठवितात, आणि त्यासोबत एक आकडा लिहून ठेवतात. हा आकडा १ ते ८ पैकी असतो. १ म्हणजे जसा आहे तसा दाखवा. ३ म्हणजे पूर्ण उलटा करून दाखवा. ६ म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा द्या, आणि ८ म्हणजे त्याच्या विरुद्ध दिशेने पाव फेरा द्या. उरलेले चार आकडे आरशातल्यासारख्या उलट्या चित्रांसाठी आहेत.

फोटोसोबत अशी माहिती लिहिण्याचा ‘एक्झिफ’ नावाचा नियम जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली ठरविला. कॅमेरे करणाऱ्यांनी तो मानला. पण चित्र दाखविणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने तो मानलाच असे नाही. वेबपानांवरची चित्रे हा आकडा वाचून आपणहून सरळ दाखवावयास क्रोमसारख्या ब्राउझरला २०२० साल उजाडले. करार झाला आणि अंमलबजावणी पंचवीस वर्षे रखडली, हा अनुभव आम्हा कामगारांस काही नवा नाही! नातवाचा फोन आकडा वाचीत होता, आमच्या टॅब्लेटवरील जुना प्रोग्राम वाचीत नव्हता. दोष एवढाच होता.

दुसरे कारण आकडा लिहितानाच घडते. फोन कसा धरला आहे हे त्याला कसे कळते? गवंड्याचा ओळंबा आपण पाहिला आहे. तसेच पृथ्वीची ओढ ओळखणारे एक बारीक यंत्र फोनात असते. फोन उभा असेल तर खालची बाजू त्याला चटकन कळते. पण कागद टेबलावर ठेवून आपण फोन त्यावर आडवा धरतो, तेव्हा ओढ सरळ काचेच्या पाठीमागे जाते. ओळंबा कोणत्याच कडेकडे झुकत नाही, आणि फोन अंदाजाने आकडा लिहितो. म्हणून माणसांचे फोटो नीट येतात आणि नेमके कागदांचेच आडवे होतात.

आता उपाय. प्रथम दोष कोठे आहे तो ओळखावा. टॅब्लेट फिरविला असता बाकीची अक्षरेही फिरत नसतील, तर पडदा फिरण्याची सोय बंद आहे. ती चालू करावी. उलट, आडवा फोटो पाहावा म्हणून टॅब्लेट वळवावा आणि फोटोही सोबत वळावा, असे होत असेल तर तीच सोय घटकाभर बंद करावी. फोटो सगळीकडे आडवा दिसत असेल तर आकडा चुकला आहे. ‘एडिट’मध्ये जाऊन फिरवावा व जतन करावा. एका ठिकाणी सरळ आणि दुसरीकडे आडवा असेल, तर आकडा वाचला जात नाही. नुसते फिरविल्याने कधी कधी आकडाच बदलतो, चित्र तसेच राहते. म्हणून कडेची एक रेघ कापून नवी प्रत जतन करावी, म्हणजे बहुधा चित्र नव्याने लिहिले जाते. ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी आणि मगच पाठवावी.

मूळ फोटो मात्र पुसू नये. त्यात तारीख असते, सोय चालू असेल तर ठिकाणही असते. नव्या प्रतीत ते राहीलच असे नाही. कामावर हजर असल्याचा वाद उद्या निघाला, तर तो मूळ फोटोच उपयोगी पडेल. आणि कागदाचा फोटो काढताना फोन आधी उभा धरावा, पडद्यावरील खुणा सरळ झाल्या की हळूच खाली झुकवावा. एवढ्याने निम्मा त्रास वाचेल.

त्या बाईचा अर्ज तिसऱ्या खेपेस मंजूर झाला. पण तोवर तिचे तीन महिने गेले, आणि प्रत्येक खेपेच्या एसटीच्या भाड्यासाठी तिला जास्तीच्या बिड्या वळाव्या लागल्या. कचेरीतल्या टेबलावर तोच फोटो एका बोटाने सरळ करता आला असता. म्हणून आमचे मागणे दोन्हीकडे आहे. कामगारांनी, विशेषतः त्यांच्या शिकलेल्या मुलांनी, हे शिकून घ्यावे आणि शेजाऱ्याला शिकवावे. आणि अर्ज घेणाऱ्यांनी, चित्र कसे पोहोचले ते पाठविणाऱ्याला आधी दाखवावे. परत करावयाचाच झाला तर ‘फोटो आडवा आहे’ असे स्पष्ट मराठीत लिहावे.

ज्यांच्याजवळ आज टॅब्लेट किंवा फोन असेल, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. आम्ही येथेच बाकावर बसतो आहोत. एकेकाचे कागद सरळ करून पाहू.