वृद्धांची दीर्घ शुश्रूषा आणि आपला ज्ञातिसंघ
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वृद्धांच्या शुश्रूषेविषयी आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहो. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर शाळेत मुलांना शिकविणारे आम्ही एक साधे शिक्षक आहो. तथापि जो धडा वर्गात घ्यावयाचा तो आदल्या रात्री आपण स्वतः वाचावा, ही सवय त्या धंद्याने आम्हांस लाविली. त्या सवयीनुसार गेल्या काही वर्षांत वृद्धांसंबंधी जे कायदे, न्यायनिर्णय व सरकारी योजना झाल्या, त्या आम्ही यथामति पाहिल्या. त्यांतून आपल्या कुटुंबांना जे उपयोगी वाटले तेवढेच येथे मांडतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हा संघ काढला तेव्हा खेड्यातील हुशार मुलाला शहरात राहावयास जागा मिळत नसे, ही ज्ञातीपुढील मोठी अडचण होती. म्हणून त्यांनी पै पै जमवून वसतिगृह उभारले. त्या वसतिगृहाचे फळ आपण भोगीत आहो. मुले शिकली, पुण्यामुंबईस गेली, कित्येक परदेशीही स्थिरावली. आता गावच्या वाड्यात किंवा उपनगरातील तिसऱ्या मजल्यावर मागे राहिले आहेत ते आईबाप. हा कोणाचा अपराध नव्हे. आपणच इच्छिलेल्या उत्कर्षाची ही दुसरी बाजू आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लक्ष भरली होती, आणि महाराष्ट्रात दर शंभरांत सुमारे दहा माणसे त्या वयाची होती. निती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये वृद्धसेवेसंबंधी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात २०५० पर्यंत देशातील हे प्रमाण शेकडा १९.५ वर जाईल असा अंदाज दिला आहे.

आता 'दीर्घ शुश्रूषा' म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. कारण आजारपण आणि परावलंबन यांची आपण नेहमी गल्लत करतो. आजारी माणूस इस्पितळात जातो, बरा होतो आणि परत येतो. परावलंबी माणूस बरा होऊन परत येत नाही. त्यास रोज, दोन्ही वेळा, वर्षानुवर्षे हात द्यावा लागतो. सिडनी काट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ साली याची एक सोपी मोजणी घालून दिली. स्नान, वस्त्रे नेसणे, शौचास जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे, ही ती सहा कामे होत. यांतील किती कामे माणूस आपली आपण करू शकतो, यावरून त्यास किती मदत लागेल ते समजते. ही सहा नावे प्रत्येक घराने लक्षात ठेवावीत.

या मोजणीप्रमाणे वृद्धांच्या निवासाचेही तीन प्रकार पडतात. ज्यांची सहाही कामे सुरळीत चालतात त्यांना केवळ सोबत व सुरक्षितता हवी असते. ज्यांना दोनतीन कामांत हात हवा, त्यांना साहाय्ययुक्त निवास हवा. आणि जे अंथरुणास खिळले किंवा ज्यांची स्मृती गेली, त्यांना अहोरात्र परिचर्या हवी. आपल्याकडे या तिहींना 'वृद्धाश्रम' हा एकच शब्द आहे, आणि तेथेच फसगत होते.

एक उदाहरण सांगतो. आमच्या परिचयाचे एक निवृत्त कारकून, पत्नी निवर्तल्यावर, स्वेच्छेने एका वृद्धाश्रमात राहावयास गेले. दोन वर्षे सुखात गेली. पुढे त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळातून सोडण्याच्या दिवशी आश्रमाचा निरोप आला की, आमच्या नियमाप्रमाणे येथे फक्त हिंडतेफिरते वृद्धच राहू शकतात. तरी यांची अन्यत्र सोय करावी. मुलगा सातासमुद्रापलीकडे. आम्ही व आणखी दोघे स्नेही जाऊन सामान घेऊन आलो. अनामत रक्कम परत मिळावयास कित्येक महिने लागले, कारण पावतीवर परतीची मुदतच लिहिलेली नव्हती. आश्रमचालक दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यापाशी रात्रीची परिचारिका नव्हती, पाठीस जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणारा माणूस नव्हता. परंतु ज्या दिवसाच्या भीतीने माणूस आश्रमात जातो, नेमक्या त्याच दिवशी आश्रमाचे दार बंद व्हावे, ही गोष्ट मनास लागून राहते.

कायदा यात काय म्हणतो ते पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा अधिनियम २००७ साली संमत झाला. ज्यास स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह करता येत नाही, अशा मातापित्यांस मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्याचा अर्ज दिवाणी कोर्टात नव्हे, तर खास न्यायाधिकरणापुढे करावयाचा असतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत त्याचा निकाल व्हावा अशी अपेक्षा आहे. या केंद्रीय अधिनियमाने निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठेविली. कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम सरकारने काढण्याविषयी तरतूद आहे. परंतु तेथील शब्द 'काढता येईल' असा आहे, 'काढलाच पाहिजे' असा नव्हे. एका शब्दाने केवढा फरक पडतो, हे व्याकरण शिकविणाऱ्यास सांगावे लागत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यांतील वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्याचा आदेश केंद्र सरकारास दिला, तो याच उणिवेमुळे.

ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्तीचे विधेयक आले होते. निर्वाहखर्चाची मर्यादा काढणे, जावई व सून यांचा जबाबदार व्यक्तींत समावेश करणे आणि, आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वृद्धनिवासांची व घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी करून त्यांना किमान दर्जा लावणे, अशा तरतुदी त्यात होत्या. परंतु ते विधेयक संमत झाले नाही आणि २०२४ साली त्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. चांगल्या संस्थांनाही यात तोटाच झाला. जो चालक प्रामाणिकपणे रात्रपाळीस माणसे ठेवितो, त्याचा खर्च वाढतो. जो ठेवीत नाही तो स्वस्तात जागा देतो. आणि पाट्या मात्र दोघांच्याही सारख्याच. म्हणून नोंदणी व तपासणी यांची मागणी वृद्धांच्या नातलगांनी जितक्या आग्रहाने करावी, तितक्याच आग्रहाने सच्च्या चालकांनीही करावी.

महाराष्ट्रात एक पाऊल पुढे पडले आहे. २०२४ साली महारेराने ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना नियम लाविले. चाकांची खुर्ची जाईल असे निदान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, उद्वाहन, न घसरणाऱ्या फरशा, स्नानगृहात धरावयास दांड्या, अशा गोष्टी त्यांत आहेत. हे नियम स्वागतार्ह आहेत. परंतु दरवाजा रुंद झाला तरी खुर्ची ढकलणारा माणूस नियमाने येत नाही. इमारतीचा दर्जा आणि सेवेचा दर्जा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे घर घेणाऱ्याने विसरू नये.

तीच गोष्ट वैद्यकीय साहाय्याची. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तरी गाठलेल्या सर्वांस, उत्पन्न न पाहता, लागू झाली. कुटुंबामागे वार्षिक ५ लक्ष रुपयांपर्यंतचा इस्पितळखर्च तीत मिळतो. ज्यांनी अद्याप कार्ड काढले नसेल त्यांनी ते अवश्य काढावे. परंतु हे साहाय्य इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णास आहे. घरी ठेविलेल्या आयेचा पगार किंवा वृद्धनिवासाचे मासिक शुल्क त्यातून भागत नाही. २०२२ साली पंच्याहत्तरी उलटलेल्यांस एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, हेही उत्तम झाले. पण ज्याला पलंगावरून खाली उतरवत नाही, त्याने त्या गाडीस काय करावे?

आणखी एक सावधगिरीची सूचना. आपल्या ज्ञातीत वडिलांनी हयातीतच घर मुलाच्या नावे करून देण्याची चाल आहे. २००७ च्या अधिनियमाचे कलम २३ असे की, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि पुढे सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरविता येते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हस्तांतर अशा अटीवर झालेले असले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, हा कायदा कल्याणकारी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगून, एका वृद्ध मातेने मुलास दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. तात्पर्य, बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर सांभाळाची अट त्यात अक्षरशः लिहून घ्यावी. यात मुलाचा अपमान नाही. मुलगा चांगला असेल तर ती ओळ कागदावरच राहील.

येथे काही मंडळी म्हणतील, "मास्तर, वृद्धाश्रम हाच मुळी कलंक आहे; मुलांनी आईबापांस घरी सांभाळावे." आम्हीही घरीच राहू इच्छितो. परंतु घरी सांभाळते कोण, हा प्रश्न विचारला पाहिजे. बहुतेक घरांत ते ओझे एकट्या सुनेच्या किंवा अविवाहित मुलीच्या पाठीवर पडते. ती नोकरी सोडते, रात्री जागते, आणि पाचसहा वर्षांनी स्वतःच रुग्ण होते. संस्कृतीची प्रौढी आपण मिरवावी आणि तिची किंमत एका बाईने भरावी, हा न्याय नव्हे. पुण्यातील 'निवारा' ही संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. वृद्ध व निराधारांस समाजाने आधार द्यावा, ही कल्पना आपल्याकडे आजची नाही.

मग संघाने काय करावे? निधीतून मोठी इमारत बांधावी असा एक ठराव मंडळापुढे आहे. आमचे नम्र मत असे की, इमारत शेवटी यावी. प्रथम प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एकट्या वृद्धांची वही ठेवावी आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यांच्या दारी जाऊन यावे. दुसरे, ज्ञातीतील व ज्ञातीबाहेरील होतकरू मुलामुलींस वृद्धसेवेचे रीतसर शिक्षण देण्यासाठी शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, आणि त्यांना सन्मानाने पगार मिळेल असे पाहावे. तिसरे, निवास काढावयाचाच तर लहान काढावा, पण त्यात अंथरुणास खिळलेल्यांसाठी खाटा पहिल्या दिवसापासून असाव्यात. केंद्र सरकारच्या योजनेत २५ निराधार वृद्धांच्या निवासास, तसेच स्मृतिभ्रंश झालेल्या निदान २० वृद्धांच्या अखंड परिचर्यागृहास अनुदानाची तरतूद आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने साठीपुढील निवासींकडून, राहणे, जेवण व देखभाल मिळून, दरमहा २५,००० रुपयांपर्यंत शुल्क घेतल्यास त्यावर जी.एस.टी. लागणार नाही, अशी सूटही २०१८ साली देण्यात आली.

आणि येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. हा निवास केवळ आपल्या ज्ञातीपुरता नसावा. १९६१ च्या आयकर अधिनियमाने, त्यानंतर एखाद्या विशिष्ट ज्ञातीच्या हितासाठी स्थापिलेल्या धर्मादाय संस्थेस करमाफी नाकारली होती, हे एक व्यावहारिक कारण झाले. परंतु त्याहून मोठे कारण असे की, रात्री दोन वाजता आपल्या आईची कूस बदलणाऱ्या मुलीची जात आपण विचारीत नाही. मग शेजारच्या खाटेवरील माउलीची तरी का विचारावी?

शेवटी, जे कोणी आपल्या वडीलमंडळींस कोठेही दाखल करतील त्यांनी हे प्रश्न लेखी विचारावेत. माणूस अंथरुणास खिळल्यास येथेच ठेवाल काय? रात्री किती निवासींमागे किती माणसे असतात, व ती शिकलेली आहेत काय? डॉक्टर केव्हा येतात, आणि अडचणीच्या वेळी कोणत्या इस्पितळात नेता? शुल्क दरवर्षी किती वाढते? अनामत किती दिवसांत परत मिळते? तक्रार कोणाकडे करावयाची? जो चालक या सहा प्रश्नांची उत्तरे सही करून देईल, त्याच्याकडे निर्धास्तपणे जावे. छळ, उपेक्षा किंवा अन्य अडचण असल्यास १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक घरात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आपल्या पूर्वजांनी मुलांसाठी वसतिगृह बांधले तेव्हा त्यांच्यापाशी आपल्याइतका पैसा नव्हता. पण कोणाच्या मुलास रस्त्यावर निजावे लागू नये, एवढा निश्चय होता. तोच निश्चय आपण वृद्धांसाठी करावा, आणि मंडळाने इमारतीच्या ठरावाआधी वहीचा व शिष्यवृत्तीचा ठराव आजच्या सभेतच संमत करावा, अशी आमची प्रार्थना आहे.